अक्षर तेच, टिंब गायब!

परीक्षेची आदली रात्र. हॉस्टेलची रूम. जर्नल अर्धवट, दोन युनिट्सना अजून हातही लावलेला नाही आणि टेबलावर एनर्जी ड्रिंकचा कॅन. चित्र ओळखीचं आहे ना? मग एक काम करा. तो कॅन फिरवा आणि मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा. साखर, कॅफिन, जीवनसत्त्वं यांच्या रांगेत बहुतेक वेळा एक नाव दिसेल. टॉरिन.

नाव ऐकून वाटतं, हेच ते झोप उडवणारं रसायन. तसं नाहीये. झोप उडवायचं काम कॅफिन करतं. टॉरिन आपल्या शरीरात मुळातच असतं. १८२७ साली दोन जर्मन शास्त्रज्ञांना ते पहिल्यांदा बैलाच्या पित्तात सापडलं. लॅटिनमध्ये बैलाला टॉरस म्हणतात, म्हणून हे नाव. (कॅनमधलं टॉरिन कारखान्यात तयार होतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी घाबरून कॅन फेकायची गरज नाही.)

पण याच टॉरिनचा एक इवलासा रेणू तुमच्या पेशींमध्ये एका ठरावीक जागी चिकटलेला नसेल, तर ऐन तरुण वयात स्ट्रोकसारखे झटके येऊ शकतात. ती जागा म्हणजे एका आरएनएच्या टोकाजवळचं एक अक्षर. आजची गोष्ट त्या अक्षराची, आणि त्याच्यासारख्या आणखी काही अक्षरांची आहे.

आधी थोडं बारावीचं बायो आठवा. डीएनए म्हणजे मूळ ग्रंथ, तो पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेला. त्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल निघते, ती एमआरएनए. ही नक्कल रायबोझोमकडे जाते आणि तिथे तिच्यावरून प्रथिन बनतं. नक्कल वाचायचं काम टीआरएनए करतो. त्याच्या एका टोकाला अमिनो आम्ल असतं आणि दुसरीकडे तीन अक्षरं. ही तीन अक्षरं एमआरएनएवरच्या तीन अक्षरांशी जुळली की अमिनो आम्ल साखळीत जोडलं जातं. आरएनएची अक्षरं चार : ए, यू, जी, सी. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात.

प्रत्यक्षात मात्र या चार अक्षरांवर पेशी नंतर बारीकसारीक कलाकुसर करत बसते. कुणावर एक मिथिल गट चिकटव, कुणाला थोडं फिरवून लाव, कुणावर टॉरिन डकव. सगळ्या सजीवांमध्ये मिळून असे दीडशेहून जास्त प्रकार आजवर सापडले आहेत. पहिला सापडला १९५१च्या सुमारास. म्हणजे डीएनएचा तो प्रसिद्ध पिळदार जिना अजून कुणाला ठाऊकही नव्हता तेव्हा! तरी ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात फार तर एका ओळीत उरकलेली असते.

आपल्याला हे समजायला सोपं जावं, कारण आपली लिपी तशीच आहे. 'ध'चा 'मा' आपण लहानपणापासून ऐकतो. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा हुकूम होता, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, अशी आख्यायिका. तिथे अख्खं अक्षर बदललं. जनुकातलं उत्परिवर्तन म्हणजे साधारण हेच. पण देवनागरीत अक्षर न बदलताही घोटाळा करता येतो. 'खत' लिहा आणि डोक्यावर एक टिंब द्या. झाली 'खंत'. 'पत' वाढली आणि 'पंत' वाढले यात केवढा फरक! अक्षरं तीच, फरक फक्त टिंबाचा. आरएनएवरची रसायनं म्हणजे अशी टिंबं. यांतली काही वाचनच बदलतात. काही नुसती सरकारी फायलीवरच्या शेऱ्यासारखी असतात. मजकूर तोच राहतो, पण 'तातडीचे' की 'दफ्तरी दाखल करा' हे त्या शेऱ्यावरून ठरतं.

आता जपानला जाऊ.

मेलास नावाचा एक आजार आहे. तंतुकणिका, म्हणजे आपले मायटोकॉन्ड्रिया, यांचा हा आजार. शाळेत 'पेशीचं पॉवरहाऊस' म्हणून पाठ केलं होतं, तेच ते. बहुतेक रुग्णांना चाळिशीच्या आत, अनेकांना तर शाळा-कॉलेजच्या वयातच त्रास सुरू होतो. डोकेदुखी, उलट्या, फिट्स, स्नायू थकणं आणि मग स्ट्रोकसारखे झटके. झटका ओसरला तरी प्रत्येक वेळी मेंदूचं थोडं नुकसान करून जातो. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे हा आजारही आईच्या बाजूने उतरतो. त्याच बदलामुळे काही घरांमध्ये आई, मावशी, आजी यांना मधुमेह आणि बहिरेपणा एकत्र दिसतो.

१९९० मध्ये जपानी संशोधकांनी त्याचं मूळ शोधलं. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधलं ३२४३ क्रमांकाचं अक्षर 'ए'ऐवजी 'जी' झालेलं. मेलासच्या साधारण ८० टक्के रुग्णांमध्ये हाच बदल असतो. चला, 'ध'चा 'मा' सापडला, विषय संपला, असं वाटलं असेल ना?

इथेच गंमत आहे. हे अक्षर ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल वाहून नेणाऱ्या टीआरएनएमधलं. पण ते त्या तीन 'वाचणाऱ्या' अक्षरांमधलं नाहीच. ते बरंच लांब, भलत्याच वळणावर बसलेलं आहे. मग तिथे एक अक्षर बदलल्याने वाचनात अडचण का यावी?

टोकियोतल्या किमित्सुना वातानाबे आणि त्सुतोमु सुझुकी यांच्या गटाने रुग्णांच्या पेशींमधून हा टीआरएनए वेगळा काढला आणि अक्षर अक्षर तपासला. २००० साली त्यांनी दाखवलं की वाचणाऱ्या तीन अक्षरांतल्या पहिल्या 'यू'वर निरोगी माणसात एक रासायनिक चिन्ह असतं आणि रुग्णात ते नसतं. दोन वर्षांनी त्या चिन्हाची ओळख पटली. ते टॉरिन निघालं. तोवर टॉरिन आरएनएचा भाग असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

या टॉरिनचं काम काय? 'यू'ची 'ए'शी जोडी आपसूक जमते. 'जी'शी जमवायची असेल तर टॉरिनचा टेकू लागतो. टेकू नसला की यूयूए हा शब्द वाचता येतो, यूयूजी वाचताना अडखळायला होतं. आणि मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जायंत्रणेत एनडी६ नावाचं एक प्रथिन आहे, त्याच्या संदेशात हा यूयूजी बराच येतो. प्रथिन नीट बनत नाही, यंत्रणा लंगडते, मेंदू आणि स्नायू ऊर्जेला मुकतात.

पण खरा दोषी कोण, बदललेलं अक्षर की हरवलेलं टिंब? ही शंका तुमच्या मनात आली असेल तर तुम्ही संशोधन करायला लायक आहात. त्या गटालाही तीच शंका होती. मग त्यांनी २००४ मध्ये एक भन्नाट प्रयोग केला. आरएनएचे तुकडे कापून, पुन्हा जोडून त्यांनी असा टीआरएनए बनवला ज्यात ३२४३चा बदल नाही, फक्त टॉरिन नाही. अक्षरं शंभर टक्के बरोबर, फक्त टिंब गायब. या टीआरएनएने यूयूए व्यवस्थित वाचलं आणि यूयूजीवर तो गडबडला. म्हणजे वाचनातला हा घोळ टिंब नसल्याचा होता. अक्षराचा बदल दोषी होता तो एवढ्यापुरताच, की त्याच्यामुळे टीआरएनएचा घाट बिघडला आणि टिंब लावणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, तो ओळखूच आला नाही.

एकदा हे कळलं की पुढचा प्रश्न अगदी साधा. भरपूर टॉरिन दिलं तर? विकराला टीआरएनए धड ओळखता येत नसेल, पण आजूबाजूला टॉरिनची रेलचेल असेल तर काही टिंबं तरी लागतील का?

ओकायामा प्रांतातल्या कावासाकी मेडिकल स्कूलच्या पुढाकाराने हे रुग्णांवर तपासलं गेलं. वारंवार झटके येणारे १० रुग्ण, वजनानुसार दिवसाला ९ किंवा १२ ग्रॅम टॉरिन, ५२ आठवडे. २०१९ मध्ये निकाल छापून आला. १० पैकी ६ जणांना त्या काळात एकही झटका आला नाही. झटक्यांचं वर्षाचं सरासरी प्रमाण २.२२ वरून ०.७२ वर आलं. आणि ५ रुग्णांच्या रक्तपेशींतल्या टीआरएनएवर टॉरिनचं चिन्ह वाढलेलं दिसलं. त्याच वर्षी जपानने या उपचाराला मान्यता दिली.

आता जरा ब्रेक लावू. १० रुग्ण म्हणजे फार थोडे. दुसऱ्या गटाला खोटं औषध देऊन केलेली तुलनाही यात नव्हती. दुर्मिळ आजारात असं होतं, रुग्णच मिळत नाहीत. त्यामुळे मेलास बरा झाला असं कुणी म्हणत नाही. ३२४३चं अक्षर अजूनही बदललेलंच आहे. पण जनुकाला हात न लावता, निव्वळ एक स्वस्त रसायन देऊन आरएनएवरचं टिंब परत आणता येतं आणि त्याबरोबर झटके कमी होताना दिसतात, ही मला तरी गेल्या काही वर्षांतल्या जीवशास्त्रातली सगळ्यात सुंदर बातमी वाटते.

(आणि हो. ९ ग्रॅम टॉरिन म्हणजे २५० मिलिलिटरचे साधारण ९ कॅन. सोबत ७०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन आणि भरमसाट साखर. निरोगी माणसाच्या टीआरएनएवर टॉरिन आधीच लागलेलं असतं. त्यामुळे 'आरएनएसाठी पितोय' ही सबब रूममेटला सांगू नका.)

मेलास दुर्मिळ आहे, पण टिंबांचा घोळ दुर्मिळच असतो असं नाही. आपल्या घराघरांत असलेल्या मधुमेहाचंच बघा. २००७ मध्ये हजारो लोकांचे जनुक तपासताना सीडीकेएएल१ नावाचं जनुक टाइप २ मधुमेहाशी जोडलेलं आढळलं. ते करतं काय, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. २०११ मध्ये कुमामोतोच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की हे जनुकही एका टीआरएनएला टिंब लावणारं विकर बनवतं. लायसिन नावाचं अमिनो आम्ल नेणारा हा टीआरएनए. टिंब नसलं की लायसिनच्या जागी कधीकधी भलतंच अमिनो आम्ल बसतं. इन्सुलिन आधी लांबलचक साखळीच्या रूपात बनतं, मग तिचा मधला तुकडा कापून काढावा लागतो. नेमक्या कापायच्या जागी लायसिन असतं. ते चुकलं की कात्री नीट चालत नाही. इन्सुलिन कमी पडतं, साखर वाढते. माणसात या जनुकाच्या प्रकाराने जोखीम थोडीशीच वाढते. बाकीचं काम वडापाव, बसून राहणं आणि अपुरी झोप मनापासून करतात.

टिंबांची सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र लशीची. ती तुम्ही ऐकली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. हंगेरीहून अमेरिकेत गेलेल्या कातालिन कारिको एमआरएनएपासून औषध बनवायच्या मागे लागल्या होत्या. निधी मिळेना, १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. नव्वदच्या दशकाअखेरीस झेरॉक्स मशीनजवळ त्यांची ओळख ड्रू वाइसमन यांच्याशी झाली. (झेरॉक्सच्या रांगेत नुसतं मोबाइलमध्ये डोकं घालून उभं राहू नये, ते यासाठी.) प्रयोगशाळेत बनवलेला एमआरएनए पेशींना दिला की पेशी चवताळून उठायच्या, कारण त्यांना तो विषाणूचा वाटायचा. आपल्या स्वतःच्या आरएनएवर टिंबं असतात, या परक्यावर नव्हती. दोघांनी 'यू'च्या जागी त्याचं फिरवून बसवलेलं रूप, स्यूडोयुरिडिन वापरलं. पेशी शांत झाल्या. हे २००५ साली. म्हणजे १९५१च्या सुमारास सापडलेलं ते पहिलं टिंब, अर्ध्या शतकानंतर कामी आलं! त्याचंच सुधारलेलं रूप फायझर आणि मॉडर्ना यांच्या कोव्हिड लशींत होतं. २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. क्युअरव्हॅक या जर्मन कंपनीने टिंबांशिवायची एमआरएनए लस करून पाहिली, ती २०२१च्या चाचणीत ४८ टक्क्यांवर थांबली. डोस कमी होता, विषाणूची नवी रूपं आली होती, अशीही कारणं त्यात होती. पण टिंबांचा मुद्दा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

आपल्याकडे बहुतेकांना कोव्हिशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन मिळाली, त्या एमआरएनएच्या नव्हत्या. पण देशातली पहिली एमआरएनए लस पुण्यात, हिंजवडीच्या जेनोव्हाने बनवली आणि २०२२च्या जूनमध्ये तिला आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली, हेही माहीत असू द्या.

'जाडीचं जनुक' आणि शेजारचा स्विच

आता अशी गोष्ट, जिच्यात शास्त्रज्ञांचाच पाय घसरला. माझ्या मते ती जास्त शिकवते.

२००७ मध्ये एफटीओ नावाचं जनुक लठ्ठपणाशी जोडलेलं सापडलं. त्याचा 'जाडीवाला' प्रकार आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्यांचं वजन सरासरी ३ किलो जास्त होतं. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने भारतीयांमध्ये हे जनुक तपासलं. दिसायला बारीक पण आत चरबी साठवणारा भारतीय, ही कल्पना मांडणारे ते हेच डॉ. याज्ञिक. २००९ मध्ये त्यांनी लिहिलं की भारतीयांमध्ये या जनुकाचा मधुमेहाशी संबंध ठळक आहे आणि तो नुसत्या वजनाने समजावता येत नाही.

२०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या चुआन ही यांच्या गटाने बॉम्ब टाकला. एफटीओ हे खोडरबर आहे! एमआरएनएवरच्या 'ए'वर जागोजागी एक मिथिल गट असतो, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स. हा शेरा १९७४ पासून माहीत होता, पण एकदा मारला की कायमचा, अशीच समजूत होती. एफटीओ तो पुसतं असं दिसलं. शेरा मारणारे, वाचणारे आणि पुसणारे असे तिन्ही प्रकारचे 'कारकून' पेशीत असतील तर तो एक चालता-बोलता कारभार झाला. पुढे कळलं की वाचणाऱ्यांपैकी एक जण शेरा दिसला की तो एमआरएनए थेट नष्ट करायला पाठवतो. वाचा आणि फाडून टाका. व्हॉट्सॲपवरचा गायब होणारा मेसेज म्हणा हवं तर.

मग काय, गोष्ट जुळली! जाडीचं जनुक म्हणजे खोडरबर, खोडरबर जास्त चाललं की भूक वाढते, माणूस जाडा होतो. बातम्यांनी ती उचलून धरली.

आणि २०१४ मध्ये त्याच शिकागो विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाने तिला टाचणी लावली. एफटीओ जनुकात जो बदल जाडीशी जोडलेला आहे, तो प्रथिनाच्या मजकुरात नाहीच. तो जनुकाच्या मधल्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात आहे, आणि तिथे एक स्विच आहे. तो स्विच चालवतो लांबच्या शेजाऱ्याला, आयआरएक्स३ नावाच्या जनुकाला. स्विच एकाच्या घरात, दिवा लागतो दुसऱ्याच्या! २०१५ मध्ये आणखी एका अभ्यासाने चरबीच्या पेशींमध्ये त्याला दुजोरा दिला. एफटीओ टिंब पुसतं हे खरं. त्याचा एक प्रकार असणारे लोक सरासरी थोडे जाड असतात हेही खरं. पण ही दोन खऱ्यांची बेरीज करून लिहिलेली गोष्ट बहुतांशी चुकली.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आता 'थुंकी पाठवा, डाएट सांगतो' छापाच्या जनुक-चाचण्या विकल्या जातात आणि त्यांच्या रिपोर्टात एफटीओ असू शकतं. 'तुमच्यात जाडीचं जनुक आहे' असं वाचून जिम सोडणारा मित्र तुम्हालाही भेटेल. त्याला एवढंच सांगा : २ लाख १८ हजार प्रौढांची माहिती एकत्र करून २०११ मध्येच दिसलं होतं की नियमित हालचाल करणाऱ्यांमध्ये या प्रकाराचा परिणाम २७ टक्क्यांनी कमी भरतो.

शेरा मारणाऱ्या कारकुनाची गोष्ट मात्र वेगाने पुढे चालली आहे. मेटल३ हे त्याचं नाव. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात त्या पेशी या कारकुनावर फार अवलंबून असतात, असं २०१७ मध्ये दिसलं. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी त्याला अडवणारा रेणू देऊन उंदरांमधला हा कर्करोग आटोक्यात आणला आणि २०२२ पासून त्याच जातीच्या एका औषधाच्या माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. अजून त्या सुरुवातीच्या पायरीवर आहेत.

तर मंडळी, सेमिस्टरअखेर व्हायवात बाहेरचे सर विचारतील, "आरएनएची अक्षरं किती?" गुपचूप चार सांगा, मार्क घ्या. सर अगदीच खुशीत दिसले, चहा वगैरे झालेला असला, तर विचारून बघा, "सर, टिंबं धरून की टिंबं सोडून?"